सुझुकी जी13 वरच्या रिडक्शन गिअरबॉक्सची खडखड अशी थांबली

होमबिल्ट विमान, चार सिलिंडरचं सुझुकी जी13. आयडलला (इंजिन सर्वात कमी वेगावर असताना) प्रॉपेलरचा वेग कमी करणारा हा गिअरबॉक्स खडखडायचा, ऑइलमधला चुरा पकडणाऱ्या चुंबकी प्लगवर लोखंडी चुरा. जाड ऑइल, प्रॉप बॅलन्सिंग, नवं बेअरिंग, सगळं वाया. जीव मेटाकुटीला आला.

कारण निघालं टॉर्शनल रेझोनन्स, म्हणजे इंजिनाच्या झटक्यांची वारंवारता शाफ्टच्या पिळाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळून कंपन वाढणं. 900 आरपीएमला सेकंदाला 30 फायरिंगचे झटके बसतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कपलिंगचं रबर कडक झालं, की नैसर्गिक वारंवारता वर सरकून नेमकी तिथेच येते.

आधी गिअरबॉक्स उतरवून डायल गेजने फ्लायव्हीलचा रनआउट (फिरताना किती डगमगतं ते) तपासला. मग रबरं बदलली, पूर्ण संच. एखाददुसरं बदललं तर भार असमान पडतो. नखाने न दबणारं, कडेला चकाकणारं रबर बादच. नंतर कार्ब्युरेटर सिंक (एकसारखे जुळवणं), शेवटी आयडल 1,600 आरपीएम. स्टार्ट करताना खडखडीच्या मधल्या आरपीएम पट्ट्यात रेंगाळू नका. पाच तासांनी प्लग काढला: फक्त करडी पेस्ट (नेहमीची झीज), चुरा नाही.