पायऱ्यापायऱ्यांचं भोक एकाच रिव्हॉल्व्ह कटमध्ये

३डी कॅडमध्ये (संगणकावर मॉडेल करताना) ब्लॉकमध्ये काउंटरबोर (भोकाच्या तोंडाशी सपाट तळाचा मोठा खळगा), त्याखाली आरपार नसलेलं भोक आणि तळाला ड्रिलचा कोन असेल, तर तीन-चार एक्स्ट्रूड कट (स्केच सरळ आत ढकलून केलेले काप) एकाखाली एक रचू नका. वरची एक खोली बदलली की खालचं सगळं सरकतं. भोकाच्या अक्षातून जाणारा प्लेन घ्या, त्यावर सेंटरलाइन काढा आणि भोकाचा अर्धाच छेद स्केच करा; तो अक्षाभोवती फिरवून कापणं म्हणजे रिव्हॉल्व्ह कट. एम८ (८ मिमी) आट्यांसाठी ड्रिल ६.८ मिमी; माप सेंटरलाइन ओलांडून द्या, म्हणजे त्रिज्येऐवजी थेट व्यास लिहिता येतो. ११८° ड्रिलसाठी तळाची तिरकी रेघ अक्षाशी ५९° ठेवा. टोक साधारण २ मिमी खाली जातं. ड्रॉइंगमधली खोली बहुधा सरळ भागाचीच असते, टोक त्यात धरू नका.

आकृतीची एक बाजू अक्षावर कोइन्सिडंट (तंतोतंत जुळलेली) हवी. ०.०१ मिमी फट राहिली तरी भोकात केसासारखी काडी उरते, आणि ती सेक्शन व्ह्यूशिवाय (मॉडेल कापून आतलं दाखवणाऱ्या दृश्याशिवाय) दिसतही नाही. रेघ अक्षापलीकडे गेली तर रिव्हॉल्व्ह एरर देतं. वरची कड पृष्ठभागाच्या १ मिमी वर न्या. पृष्ठभाग तिरका असेल तर आणखी. आटे कॉस्मेटिकच (फक्त दाखवण्यापुरते) ठेवा, खरे कोरलेले आटे फाइल उगाच जड करतात.