सिंगल व्हिनयार्ड ड्राय व्हाईट वाईन: मराठवाड्याच्या उन्हात चाखायची कशी, ठेवायची कशी

सगळ्यात आधी हे सांगतो, कारण आपल्याकडं प्रत्येकाला वाटतं की गावच्या वाड्यात तळघर आहे म्हणजे झालंच की सेलर, वाईन साठवायची गार खोली. तर नाही होत. जमिनीत खोल गेलं की तिथलं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं, फ्रान्सात बरगंडीकडं ती सरासरी ११-१२ अंश आहे म्हणून त्यांचं तळघर आयतंच गार, आपल्याकडं हीच सरासरी पंचविशीच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात बाहेर ४२ असताना आत लई गार वाटतं खरं, पण वाईनला पाहिजे १२-१३ अंश आणि तेही बारा महिने सारखं. पंचविशीत बाटली लवकर म्हातारी होते, सुकामेवा नि सडक्या सफरचंदासारखा वास मारायला लागते.

मग करायचं काय? वाईनसाठीचा वेगळा छोटा फ्रिज परवडत असेल तर घ्या, आणि लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरवर जोडा, तास-दोन तास गेली तर दार उघडू नका, काही होत नाही. घरचा साधा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, त्यात दोन-तीन महिने चालतं, वर्षानुवर्षं नको कारण आतली हवा कोरडी, बूच सुकतं. बुचाची बाटली आडवी ठेवायची, फिरकीच्या झाकणाची कशीही ठेवा. हे दोन्ही जमत नसेल तर साठवायच्या फंदात पडू नका, आणा आणि प्या. आणि नाशिकहून आणताना उन्हाळ्यात डिकीत नका ठेवू, एसीत पायापाशी ठेवा.

सिंगल व्हिनयार्ड म्हणजे सगळी द्राक्षं एकाच मळ्यातली, इकडची तिकडची मिसळलेली नाहीत. म्हणून चांगली असतेच असं नाही हां, मळा कसा आहे त्यावर आहे. फ्रान्समधल्या लोआर नदीकाठचा कुले द सेरां हा जेमतेम सात हेक्टरचा मळा, त्याचं स्वतःचं वेगळं अपेलासिओं आहे, म्हणजे त्या जागेच्या वाईनला कायद्यानं राखलेलं नाव, तिथं शेनिन ब्लां जातीची द्राक्षं लावतात आणि ती वाईन वर्षानुवर्षं टिकते. तीच शेनिन नाशकातही आहे, पण इथली बहुतेक दोन-तीन वर्षांत प्यायचीच असते. टिकायला आंबटपणा लागतो, तो नसेल तर मळ्याचं नाव काहीही असो, ठेवून उपयोग नाही. शिवाय बऱ्याच देशी शेनिनमध्ये थोडी साखर ठेवलेली असते, ड्राय, म्हणजे गोड नसलेली, पाहिजे तर लेबल वाचूनच घ्या.

आता चाखायचं. शक्यतो एकाच कंपनीच्या दोन घ्या, एक साधी नि एक सिंगल व्हिनयार्ड, दोन्हीला पेपर गुंडाळा आणि कोणाला तरी ओतायला सांगा, नाहीतर महागडी कोणती हे कळलं की जीभ तिकडंच वळते. फ्रिजमधून थेट काढलेली इतकी गार असते की वासच येत नाही, थंडीत वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, मे मध्ये दहा पुष्कळ. ग्लास तिसरा हिस्साच भरा, आधी न हलवता वास घ्या, मग फिरवून. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब आहे, वाईन बनवणाऱ्याला शिव्या नका देऊ. तळाला काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टरिक आम्लाचे क्षार, बाधत नाहीत. घोट तोंडात सगळीकडं फिरवायचा, गिळल्यावर जिभेच्या कडेला पाणी सुटतं का आणि चव किती वेळ रेंगाळते ते बघायचं, माझ्या मते फरक तिथंच कळतो, वासात नाही.

सोबत हुरडा बेस्ट, लसणाची चटणी मात्र बेताची, तिखटानं ड्राय वाईन नुसती जाळते. नान खलियासोबतही नको, मसाल्यापुढं तिचं काही चालत नाही. उरली तर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस ठीक, नंतर चिकनच्या रश्श्यात.