बिअर पेअरिंग शिकायचंय? दोन घासांवर जोडी ठरवू नका

टॅपरूममध्ये, म्हणजे नळावरची ताजी बिअर देणाऱ्या बारमध्ये, नव्याने लागलेली पोरं विचारत असतात, ताई पेअरिंग, म्हणजे कुठल्या पदार्थाबरोबर कुठली बिअर हे, कुठून शिकू, कुठला कोर्स करू, म्हणून एकदाच नीट लिहितेय. लागर आणि एल या बिअरच्या दोन मुख्य जातींमधला फरक, आयबीयू म्हणजे कडूपणाचं माप, हलक्या पदार्थाबरोबर हलकी बिअर, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरलंय.

आधी तिखट आणि आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू एल. बऱ्याच पेअरिंग चार्टवर 'स्पायसी फूडबरोबर आयपीए' असं लिहिलेलं असतं, मीही सुरुवातीला टेबलावर तेच सांगायचे. अडचण अशी की पहिल्या घासाला ते खरंच भारी लागतं. कोल्हापुरी सुक्क्यातले धणे आणि हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) संत्र्या-लिंबाच्या सालीचा वास मस्त जुळतात, आणि टेस्टिंगला आपण खातो दोन घास, घेतो दोन घोट, आणि मेन्यूवर लिहून मोकळे. गिऱ्हाईक मात्र अख्खी प्लेट खातं. मिरचीतल्या कॅप्सेसिनची आग पटापट घास घेतले की चढत जाते. तिखट ही चवच नाही, उष्णता ओळखणारे जे रिसेप्टर तोंडात असतात त्यांनाच ते चेतवतं, अल्कोहोल त्याच रिसेप्टरना आणखी हळवं करतं, त्यात गॅसची चुणचुण वेगळी, आणि वरून अमेरिकन आयपीएचा ४० ते ७० आयबीयूचा कडूपणा, जो जळणाऱ्या तोंडात जास्तच बोचतो. कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं म्हणून बिअरने तिखट उतरतं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. ऐकू नका. सहा-सात टक्क्यांची बिअर म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यात ते फारसं विरघळत नाही. अर्धी प्लेट होईपर्यंत बिअर नुसती कडू, मटण नुसतं जाळ, आणि बोलणी खातं किचन, मसाला जास्त पडला म्हणून. पदार्थ चांगला असताना कुकने ऐकून घ्यावं, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून जोडी ठरवायची तर पूर्ण प्लेट जेवा, बरोबर पूर्ण ग्लास, शेवटच्या घासाला काय वाटतंय ते लिहा. दिवसाला एकच जोडी, आणि त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. वेळ लागतो, लागू दे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ पूर्ण लागतात, त्याआधी नुसते वास आणि मसाले शिका, तेही कमी नाही.

सुक्क्याला माझी पसंती म्युनिक डंकेल, म्हणजे जर्मनीची गडद लागर. कडूपणा साधारण १८ ते २८ आयबीयू, गॅस बेताचा, आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, भाजका गोडसरपणा भाजलेल्या खोबऱ्याला अगदी धरून राहतो. भरल्या वांग्यातला दाण्याचा कूट आणि गोडा मसाला ब्राउन एलबरोबर घ्या. रव्यातले बोंबील किंवा कांदाभजी असतील तर उलट, तिथे पिल्सनरचा, म्हणजे फिक्या सोनेरी लागरचा, कडूपणा हवाच, तेलाचा ओशटपणा त्यानेच कापला जातो. सुरमईला विटबिअर, म्हणजे बेल्जियमकडची गव्हाची बिअर, तिच्यात मुळात धणे आणि संत्र्याची साल असते. कालवं आणि ड्राय स्टाउट (काळी, गोडवा नसलेली एल) ही आयर्लंडकडची जुनी जोडी आपल्या किनाऱ्यावरही चालते, फक्त स्टाउट बर्फासारखी गार देऊ नका, १० अंशांच्या आसपास आली की तिचा कॉफीचा वास उघडतो. गोठवलेले ग्लास तर बंदच करा, वासच मरतो.

कोर्सबद्दल. अमेरिकेतला सिसरोन प्रोग्रॅम नावाजलेला आहे, पहिली पायरी सर्टिफाइड बिअर सर्व्हर, ऑनलाइन, ६० प्रश्न, ३० मिनिटं, पास व्हायला ७५ टक्के. जमतं, घाबरू नका. पण फी डॉलरमध्ये आणि पेअरिंग हा त्यातला एक भाग, शिवाय सर्टिफिकेट दाखवलं की पगार वाढतो अशा आशेवर कर्ज काढून करू नका. सुरुवात बहुतेकांची सर्व्हिसमधूनच होते, उभं राहून राहून पाय दुखतात, आणि पहिले काही महिने तुमचं मत कोणी विचारत नाही. मला विचाराल तर गुरू किचनमध्ये शोधा. कुठल्या वाटणात सुकं खोबरं, कुठल्यात ओलं, फोडणीत काय आधी पडलं, हे ज्या मावशी सांगतील त्या तुम्हाला कुठल्याही चार्टपेक्षा जास्त शिकवतील, फक्त त्यांच्या गर्दीच्या वेळेत जाऊन उभं राहू नका. आणि माझी जीभ तेवढी तयार नाही, असं म्हणणाऱ्यांना मनापासून सांगते, कांदा-लसूण मसाला आणि गोडा मसाला नुसत्या वासावरून ओळखता ना, मग पाया घातलेला आहे. हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरमधला केळं आणि लवंगेचा वास ओळखायला एवढं पुरतं.

शेवटचं, टेबलावर वाद घालू नका. तांबड्या रश्श्याबरोबर कोणी आयपीएच मागितली तर एकदा डंकेलचा छोटा घोट चाखायला द्या, तरीही नको म्हणाले तर आयपीएच आणा आणि सोबत दह्यातली कोशिंबीर ठेवा. दुधा-दह्यातलं केसिन नावाचं प्रोटीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवतं, कोशिंबीर मध्येमध्ये खाल्ली की बिअरही शेवटपर्यंत पिता येते.