गूढकथा घरातच घडवायची असेल, तर या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या बऱ्याच गूढकथा पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतात. अमावस्या, धो धो पाऊस, गेलेली लाईट आणि गावाबाहेरचा वाडा. लिहिणारा राहतो बदलापूरच्या दोन खोल्यांत, वाड्यात त्यानं एक रात्रही काढलेली नसते. वाड्यात काहीही घडू शकतं हे वाचकाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे काही घडलं तरी तो दचकत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या पिढीनं मराठी वाचकाला या प्रांतात चांगलं मुरवलं आहे. करकरणारं दार तो तुमच्याआधी ऐकतो.

वेळही बदलून पाहा. आपल्याकडे टळटळीत दुपारी बारा वाजता एकट्यानं विहिरीवर जाऊ नये म्हणायचे. ती दुपार हल्ली कुणी वापरतच नाही.

घर आहे, पण कुणाचंच नाही

‘एका मध्यमवर्गीय कुटुंबात सारं सुरळीत चाललं होतं’ या वाक्यानं सुरू झालेली कथा सहसा सुधारत नाही. घर खरं वाटावं म्हणून मग लोक कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणीचा वास घालतात. तोही आता वाड्याइतकाच जुना झाला.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर सासू, नवरा, बायको आणि कॉलेजातला मुलगा राहतात. गॅलरीतल्या दोरीवर एके दिवशी लहान मुलाचा एक मोजा वाळत असतो. कुणाचा ते कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी तसाच मोजा पुन्हा दिसतो, एक नंबर मोठा.

इथे कोणता तपशील लागेल? घरात मोजे कोण घालतं, कपडे कोण वाळत घालतं, वरच्या मजल्यावरचे कपडे आपल्या दोरीवर पडतात का, चिमटे कुणाचे. मोजा दिसण्याआधीच हे सगळं वाचकाच्या कानावर पडलेलं हवं, तेही घरातल्या कटकटीच्या ओघात: ‘वरच्यांचे कपडे परत आपल्या जाळीवर पडलेत.’ मग मोजा दिसला की वाचक स्वतःच हिशेब करतो आणि तो जुळत नाही. मोजा चिमट्यानं लावलेला असेल, तर वरून पडला असंही म्हणता येत नाही. घराचं बाकी वर्णन, सोफ्याच्या रंगासकट, काढून टाकलं तरी चालेल.

आणि अशक्य गोष्ट ही एवढीच ठेवा. मोजा वाढतोय तोवर आरशात कुणी दिसू नये, घड्याळ उलटं फिरू नये, मांजरीनं कोपऱ्याकडे बघून गुरगुरू नये. दुसरी अशक्य गोष्ट आली की पहिलीचा धाक गेला.

पात्रं फार लवकर किंचाळतात

सगळ्यात जास्त कथा इथे पडतात. काही विपरीत दिसलं की नायिका ओरडते, बेशुद्ध पडते, नवरा म्हणतो ‘तुझा भास असेल’. खरी माणसं असं वागत नाहीत. ती आधी सोय लावतात.

दहाव्याचा घाट आठवा. पिंड ठेवलेला असतो, सगळे लांब उभे, कावळा शिवत नाही. भटजींना पुढचं काम असतं, उन्हात पाय भाजत असतात. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडून म्हणतं, ‘धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नका.’ तरी नाही शिवला तर ‘शेताची वाटणी सरळ होईल’ असंही कबूल होतं, आणि ते ऐकून एखाद्या भावाचा चेहरा उतरतो. शेवटी दर्भाचा कावळा करून काम उरकतात. मेलेल्या माणसाशी भर दिवसा, चारचौघांत वाटाघाटी चालल्या आहेत आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. एरवी कावळ्यावर विश्वास नसलेला मुंबईचा जावईसुद्धा मान वर करून झाडाकडे बघत असतो. आपल्या कथेला हा सूर हवा.

म्हणून मोज्याच्या गोष्टीत सून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकेल, ‘हा कोणाचा आहे?’ खाली दोन अंगठे आणि पाण्याच्या टाकीबद्दल एक तक्रार येईल. नवरा म्हणेल, फेकून दे. आणि सासू काही न बोलता त्या मोज्याची फाटलेली टाच रफू करून ठेवेल. सासूला काय माहीत आहे, हे विचारायची हिंमत सुनेला होत नाही. तिथे कथा सुरू झाली.

भगत येतो आणि सगळं सांगून जातो

कथेच्या शेवटून दुसऱ्या पानावर मांत्रिक, म्हातारा वॉचमन किंवा जुनं वर्तमानपत्र प्रकट होतं आणि कळतं की याच इमारतीत एक मूल गेलं होतं. झालं, मोज्याची पावती फाडून मिळाली. हे पान काढा आणि कथा पुन्हा वाचा. निम्मी माहिती आधीच येऊन गेली असेल, तर बरंच झालं. कथा अगदीच कळेनाशी झाली, तर माहिती सांगू नका, सासूच्या हातात एखादी कृती द्या.

‘असं लिहून आपण अंधश्रद्धा पसरवतो का?’ हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला जातो आणि तो रास्त आहे. 2013 साली इथे जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो भीतीच्या जोरावर माणसाला लुबाडणाऱ्यांसाठी. माझ्या मते मोजा वाढण्यात काही गैर नाही. मांत्रिकानं कोंबडं घेऊन तो थांबवला आणि लेखकानं त्याची पाठ थोपटली, तर मात्र मला खटकतं.

भूत घेता, त्याचे नियम घेत नाही

मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, मुक्काम पिंपळावर. हडळ ही बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा पाण्याचा. चकवा कुणाला मारत नाही, रात्रभर त्याच त्या वाटेवर फिरवतो. प्रत्येकाला राहायला जागा आहे, आणि बहुतेकांच्या मागे एखादं अपुरं राहिलेलं काम आहे. कथांमध्ये मात्र सगळ्यांना एकच पांढरी साडी नेसवून मोकळ्या केसांनी उभं केलं जातं. चकव्याला रिंग रोडवर आणा, रिक्षावाल्याचं मीटर चालू ठेवा, आणि भाडं कुणी द्यायचं यावर भांडण लावा. नियम जुनाच राहील.

कविता धुरकट होते

कवितेत हा रोग जास्त. ‘गूढ’, ‘अनामिक’, ‘भयाण’, ‘सावल्या’ हे शब्द दिसले की आधी ते खोडा. एक कच्चा खर्डा बघा:

अंधाराच्या गर्भातून
नियती लिहिते अदृश्य लेख
अनामिक भयाची शाई…

यात दिसण्यासारखं काही नाही. पण यामागे एक खरी चाल आहे. बाळाच्या पाचवीला किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याचं नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. तेच सरळ लिहिलं तर:

पाचवीच्या रात्री पाटावर
कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं.
सकाळी कागद कोराच होता.
पेनाची रिफिल
निम्म्यावर आली होती.

इथे विशेषण जवळपास नाही, आणि ‘नियती’ हा शब्दही नाही. पुढे दोन कडवी वाढवून आईची घालमेल सांगायचा मोह होईल. वाढवायचीच असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच पेनानं कुणीतरी दुधाचा हिशेब लिहू दे.

बाकी किरकोळ

ते स्वप्न होतं, निवेदक आधीच मेलेला होता, रुग्ण वेड्यांच्या इस्पितळात होता: हे तिन्ही शेवट वाचकाच्या पाठ आहेत. ओळीअखेरचे ठिपके आणि उद्गारचिन्हं शोधून काढून टाका. कथा रेंगाळत असेल तर अशक्य गोष्ट पहिल्या पानावर आणा. दचक बसत नसेल, तर तीच गोष्ट पान दोनच्या तळाशी ढकला आणि त्याआधी घरातलं एक साधं भांडण पूर्ण होऊ द्या.

शेवटचा खर्डा गूढकथा न वाचणाऱ्या घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ‘अगं पण तिनं वरच्या बाईंना विचारलं का नाही?’ असं मध्येच आलं, तर त्या जागी भोक आहे. तिला वर पाठवा, बेल वाजवू द्या, वरच्या बाईंचं उत्तर लिहा आणि मग पुढे वाचा.