कासवाला घरात ऊन कसं द्यावं, आणि त्या उन्हात आटलेलं पाणी कसं भरून काढावं

डिसेंबरात मँचेस्टरला दिवस जेमतेम साडेसात तासांचा. चार वाजले की अंधार, आणि त्याआधीही आभाळ बहुतेक राखाडीच. अशा घरात आम्ही हॉर्सफिल्ड जातीचं कासव पाळतो. कझाकस्तान, उझबेकिस्तान, अफगाणिस्तानच्या कोरड्या माळरानावरचं, पुढच्या पायांना चारच नखं असलेलं. आणलं तेव्हा नाव ठेवलं धोंडू. काही वर्षांनी शेपूट आखूडच राहिलेली बघून डॉक्टर म्हणाल्या ही मादी आहे, तेव्हापासून धोंडाबाई.

साताऱ्याहून आई फोनवर सांगते, "अगं, तासभर खिडकीत ठेव की तिला, खाईल ऊन." गंमत अशी की साताऱ्याच्या खिडकीतही ते जमलं नसतं. काचेतून उजेड येतो, ऊबही येते. कासवाला हाडं आणि कवच घडवायला लागणारे यूव्हीबी किरण मात्र काच जवळजवळ सगळेच अडवते. म्हणून घरात दिव्यांचं ऊन करावं लागतं. ते कसं करायचं ते सांगतेच, पण दिवा विकताना दुकानात जे कोणी सांगत नाही ते आधी सांगते: दिव्याखालचा प्रत्येक तास कासवाच्या अंगातलं पाणी आटवतो. दिव्यांइतकीच तयारी पाण्याचीही हवी.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. आपल्याकडचं पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे. 'घरात बरकत येते' असं सांगून कोणी देत असेल तरीही. महाराष्ट्रात असं कासव कुठे दिसलं तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. इथे ब्रिटनमध्येही नियम आहेतच: हर्मन जातीचं कासव विकताना आर्टिकल 10 चा दाखला, म्हणजे संरक्षित प्राण्याच्या विक्रीचा सरकारी परवाना, लागतो. हॉर्सफिल्डला तो लागत नाही, म्हणून दुकानांत हेच जास्त दिसतं.

आधी जागा

काचेची पेटी घेऊ नका. आम्ही पहिल्यांदा तीच घेतली आणि धोंडाबाई दिवसभर काचेला नाक लावून चालत राहायची. काच नावाची गोष्ट तिला कळतच नाही. लाकडी, उघड्या तोंडाचं, निदान 4 फूट बाय 2 फुटांचं खोकं घ्या. मोठं मिळालं तर उत्तमच. जुनं पुस्तकांचं कपाट आडवं पाडून आत प्लास्टिक लावलं तरी चालतं. लांबी महत्त्वाची, कारण एक टोक गरम आणि दुसरं गार ठेवायचं आहे. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ते गरम टोकाला जाऊन ऊन खातं, पुरे झालं की गार टोकाला सरकतं. लहान खोक्यात सगळीकडे सारखंच तापतं आणि बिचाऱ्याला निवडच उरत नाही.

उबेचा दिवा

साधा हॅलोजन फ्लड दिवा घ्या. प्रकाशाचा झोत रुंद पडला पाहिजे, सगळं कवच त्यात मावेल असा. अरुंद झोताचा स्पॉट एकाच जागी भाजतो. किती वॉटचा, हे घर किती गार आहे आणि दिवा किती उंच टांगला आहे यावर ठरतं. आमच्याकडे 75 वॉट पुरतो. लाल किंवा निळे दिवे, रात्री लावायचे म्हणून विकतात ते, सोडून द्या. रात्री कासवाला अंधार हवा असतो. घर 15 अंशांच्या खाली जात नसेल तर धडधाकट मोठ्या कासवाला रात्री वेगळी ऊब लागत नाही.

होल्डर चिनी मातीचाच घ्या. प्लास्टिकचा होल्डर महिन्याभरात करपतो, हे मला वासावरून कळलं. आणि दिवा चिमट्याने काठाला अडकवू नका, तो कधी ना कधी निसटतो, आणि खाली सुकी माती असते. साखळीला टांगा. साखळीची एक-एक कडी वरखाली करून उष्णता जुळवताही येते.

दिव्याच्या बरोबर खाली एक सपाट काळी फरशी ठेवा. दुकानातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने तिच्यावर नेम धरा: दिवा लावून तासाभराने फरशी 35 अंशांच्या आसपास असावी. 40 ला टेकत असेल तर साखळी वर. गार टोकाला 20 ते 22. काठाला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतात, कासवाच्या पाठीचं नाही, ते शोभेला.

खालून तापवणारी मॅट किंवा 'गरम दगड' यांच्या वाटेला जाऊ नये. माळरानावर ऊन वरून येतं, आणि तापलं की कासव उकरून खाली गारव्याला जातं. खालीच गरम असेल तर ते गारव्याच्या आशेने उकरत उकरत जास्तच गरमीत जाणार.

यूव्हीबीची नळी

इथे पैसे वाचवू नका. वेटोळ्याचा छोटा बल्ब स्वस्त असतो, पण त्याचे किरण हातभर जागेतच पडतात. लांब टी5 (बारीक ट्यूबलाइटसारखी) नळी घ्या, 10 किंवा 12 टक्के यूव्हीबीची, मागे चकचकीत रिफ्लेक्टर असलेली, खोक्याच्या निदान अर्ध्या लांबीची. कासवाच्या पाठीपासून अंतर साधारण 35 ते 40 सेंटिमीटर. पण डब्यावर कंपनीने दिलेला तक्ता वाचा, प्रत्येक नळी वेगळी असते. मध्ये जाळी, काच, प्लास्टिक काही नको. ज्यांच्याकडे यूव्ही-इंडेक्स, म्हणजे या किरणांची तीव्रता, मोजायचा मीटर आहे त्यांनी फरशीवर, पाठीच्या उंचीला, 3 ते 4 च्या आसपास आकडा आणावा. मीटर महाग आहे. कासव पाळणाऱ्यांच्या क्लबात कोणाकडे तरी असतोच, एक रविवार मागून आणा.

नळी आणि हॅलोजन शेजारी शेजारी लावा, दोन टोकांना नाही. यूव्हीबी कातडीत ड जीवनसत्त्वाची सुरुवात करून देतो, पण पुढचं काम अंगातली ऊब करते. गार कासव नळीखाली बसलं तर निम्मंच काम होतं. शिवाय ते सूर्य समजून ज्या झगझगीत ठिकाणी जातं, तिथेच दोन्ही मिळायला हवं. ड जीवनसत्त्वाची पावडर जास्त झाली तर अंगावर येते. उजेडातून मिळालेलं कातडी स्वतःच बेताने बनवते. हे ड नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं, पाय वाकतात.

नळी डोळ्यांना वर्षभर तशीच लख्ख दिसते, पण तिचे किरण कमी होत जातात. म्हणून लावताना टोकाला चिकटपट्टी लावून तारीख लिहा, आणि बारा महिन्यांनी बदला. दोन्ही दिवे टायमरवर: सकाळी 7 ते संध्याकाळी 7. आपण सुट्टीच्या दिवशी दहाला उठतो, म्हणून कासवाने उशिरा उठायचं कारण नाही.

आता पाणी

1968 च्या सप्टेंबरात सोव्हिएत 'झाँड 5' यानातून अशीच दोन माळरानी कासवं चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली. वजन दहाएक टक्क्यांनी घटलं होतं, बाकी ठणठणीत. या चिवटपणाच्या कीर्तीनेच घोळ होतो. आम्हाला दुकानदाराने सांगितलं होतं, "वाळवंटातला प्राणी आहे, पाल्यातलं पाणी पुरतं." आम्ही ऐकलं. दिवा दिवसाचे बारा तास, खोलीत सेंट्रल हीटिंग, हवा अशी कोरडी की माझेच ओठ फुटत होते. फेब्रुवारीत एकदा तिला कोमट पाण्यात ठेवलं, तर तळाला पांढरं काहीतरी साचलं. बोटांत धरून चोळलं तर रव्यासारखं कचकचलं.

कासव अंगातली घाण पातळ लघवीने नाही, तर पांढऱ्या युरिक आम्लाच्या रूपात टाकतं, पाणी वाचावं म्हणून. ते पांढरं मऊ, टूथपेस्टसारखं असेल तर सगळं ठीक. कचकच लागली की पाणी कमी पडतंय. असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होतो, आणि तो काढायला शस्त्रक्रिया लागते.

वाळवंटाची गोष्टही अर्धीच खरी. हे कासव वर्षातले मोजके महिने वर दिसतं, बाकीचा काळ जमिनीखाली, स्वतः खणलेल्या खोल बिळात. वर धुरळा उडत असतो, पण बिळात माती ओलसर असते. घरात आपण वरचा माळ तेवढा मांडतो आणि बीळ विसरतो.

तर बीळ असं करा. बागेतली माती, ज्यात खत किंवा औषध घातलेलं नाही अशी, आणि थोडी खेळाची वाळू, मिळून निदान 15 सेंटिमीटर थर. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोट लावलं तर फुटावा. लाडवाला जशी भाजणी वळून बघतो तशी. पाणी वरून शिंपडू नका, गार टोकाच्या कोपऱ्यांत तांब्याने ओता. ते तळाला उतरतं आणि वरचा थर कोरडा राहतो. वर सतत चिखल असेल तर पोटाकडचं कवच कुजतं, म्हणून ही कसरत. त्याच टोकाला एक प्लास्टिकचा डबा पालथा घाला, दार कापून, आत ओलसर मॉस. पिल्लांना तर हा ओला आडोसा हवाच. कोरड्यात वाढलेल्या पिल्लांचं कवच गुळगुळीत न राहता एकेका खवल्याचा उंचवटा होऊन डोंगरासारखं वाढतं, आणि ते नंतर सरळ होत नाही.

पिण्याचं भांडं उथळ हवं: कुंडीखालची मातीची बशी, जमिनीशी काठ जुळेल अशी पुरलेली. कासव तिच्यात चालत शिरणार, पिणार, आणि लगेच तिच्यातच शी करणार. रोज धुवा. खायला डँडेलियन, प्लँटेन (केळीची जात नव्हे, गवतात उगवणारं तण), चिकोरी यांचा पाला धुऊन, न निथळता, ओलाच टाका.

परातीतली अंघोळ

धोंडाबाईची अंघोळ माझ्या लग्नातल्या पितळी परातीत व्हायची. आता प्लास्टिकची घमेली आणली आहे, कारण परात उथळ पडते आणि ती काठावर पाय टाकून बाहेर येते. भांडं आरपार दिसणारं नको, भिंती उंच हव्यात. पाणी साधारण 30 अंश, मनगटाला बाळाच्या दुधासारखं कोमट. खोली किती? वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं त्या शिवणीपर्यंत. मान खाली घातली की नाक बुडावं, वर केली की सहज बाहेर यावं.

वेळ सकाळची, दिवे लागल्यावर. पंधरा ते वीस मिनिटं. पाणी लवकर निवतं, मध्ये थोडं गरम घाला, कासवाच्या अंगावर न ओतता कडेने. पहिली पाच मिनिटं ती हातपाय मारते, मग अचानक स्तब्ध होते, मान लांब करते, तोंड बुडवते आणि गळ्याची कातडी वरखाली हलू लागते. ते पिणं. तेव्हा हात लावू नका, शेजारी मिक्सरसुद्धा लावू नका. अंघोळ झाली की पुसून फरशीवर, दिव्याखाली. संध्याकाळी अंघोळ घालून ओलं कासव गार रात्रीत सोडू नये.

पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून एकदा-दोनदा. हिवाळ्यात हीटिंग चालू असताना मी तीनदा करते. आणखी एक: घाबरलेलं कासव मूत्राशय रिकामं करून टाकतं, म्हणजे साठवलेलं पाणीच फेकून देतं. पाहुण्यांच्या मुलांनी उचलून फिरवलं आणि कोणाच्या तरी मांडीवर धार लागली, तर दुसऱ्या दिवशी एक जादा अंघोळ. घमेली स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. कासवांच्या शीतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो.

वही

दर रविवारी, अंघोळीआधी, वजनकाट्यावर. काटा फक्त तिच्यासाठी ठेवलेला, पीठ मोजायचा नव्हे. वजनाशेजारी फरशीचं तापमान आणि पांढरं मऊ की कचकचीत, एवढंच लिहायचं. अंघोळीत प्यायली तर वजन लगेच वर जातं, म्हणून आधी. एका आठवड्यातला चढउतार मनावर घेऊ नका, पण सलग तीन आठवडे खाली गेलं तर दिवे आणि पाणी दोन्ही तपासा.

डोळे खोल गेलेले किंवा मिटलेलेच, नाकातून बुडबुडे, कवच बोटाने दबतंय, पांढऱ्यात लाल रेघ, किंवा दिवे व्यवस्थित असूनही दोन-तीन दिवस खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर अंघोळींवर अंघोळी घालत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा, आणि ती वही बरोबर न्या. आमच्या डॉक्टरांनी कासव हातात घेण्याआधी वहीच मागितली होती.