कवड्यांची माळ ओवायची कशी

आमच्या घरी तुळजाभवानीची परडी आहे. नवरात्राआधी आराध्यांच्या, म्हणजे देवीची गाणी म्हणत जोगवा मागणाऱ्या भक्तांच्या, गळ्यातल्या माळा दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, नवी माळही मीच ओवते.

कवडी घेताना उताणी करून फटीच्या कडेचे दात बघा. प्लॅस्टिकच्या ढिगात सगळ्यांचे दात हुबेहूब एकसारखे असतात, खऱ्यांचे कधीच नसतात. माळेला लहान, पिवळसर, कडेला उंचवटे असलेली कवडी घ्या. एके काळी हीच चलनात होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक दिलं आहे: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या! हा माल मुख्यतः मालदीवचा. तिथे जिवंत कवड्या किनाऱ्यावरच्या खड्ड्यात टाकत आणि मांस कुजून गेलं की कवच काढून घेत, असं चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवलंय. तुमच्या कवडीला वास येत असेल, तर आत थोडं मांस राहिलंय. रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि मऊ ब्रशने घासा. लिंबू, चिंच लावायची नाही. कवडी चुन्याची, आंबटाने चकाकी कायमची जाते.

आता खरं काम. पाठीला ड्रिलने बारीक भोक पाडू नका, माळ फुगीर होते आणि कवड्या गळ्यात उलटतात. खरखरीत दगडावर पाणी घ्या, पाठ टेकवून गोल गोल घासा. आधी चकाकी जाते, मग पांढरा डाग दिसतो, मग टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र पडतं. ते लांबट होऊन आतला पीळ दिसला की थांबा. दगड कोरडा होऊ देऊ नका, ती भुकटी छातीला वाईट. कडा पॉलिश पेपरने मारा, नाहीतर दोरा कापला जातो. बाजारातल्या पाठ कापलेल्या कवड्यांनाही हे करावंच लागतं.

जाड सुती दोरा मेणावरून ओढून घ्या. दुहेरी कापडाच्या पट्टीवर कवडी दात वर करून ठेवा. सुई पट्टीखालून छिद्रात, छिद्रातून फटीत आणि फटीच्या टोकाशी पुन्हा कापडात. दोरा फटीतच दडतो. प्रत्येक कवडीला दोन टाके, पुढची तिला खेटून.

पोळ्याला बैलाची माळ करायची तर कापडाऐवजी चामड्याची पट्टी घ्या. सारीपाटाच्या कवड्यांची पाठ मात्र घासू नका. दान नीट पडायला ती गोलच लागते.