सामुराईंच्या इतिहासात यायचंय? मग कागद वाचायला शिका

सामुराईंच्या युद्धांवर संशोधन करतो असं सांगितलं, की समोरचा हमखास तलवारीबद्दल विचारतो. अ‍ॅनिमे, मांगा किंवा गेममधून ओढ लागलेली मुलंही तलवारीपासूनच सुरुवात करतात. ती ओढ मोलाची आहे, ती सोडू नका. पण या कामात दिवस जातात ते कागदांत.

चौदाव्या शतकातल्या लढाया आपल्याला इतक्या बारकाईने कळतात त्या ‘गुनचूजो’ नावाच्या अर्जांमुळे. लढून आलेला योद्धा लिहून द्यायचा : अमुक तारखेला अमुक ठिकाणी लढलो, माझ्या माणसाच्या मांडीत बाण घुसला, घोडा जखमी झाला, अमक्याने हे पाहिलं आहे. सेनापती तपासून त्यावर ‘पाहिलं’ असा शेरा मारायचा, सही करायचा आणि कागद परत द्यायचा. पुढे इनाम मागताना तोच पुरावा. प्रिन्स्टन विद्यापीठातले इतिहासकार थॉमस कॉनलन यांनी असे अर्ज शेकड्यांनी तपासून जखमांची मोजदाद केली, तेव्हा बहुतेक जखमा बाणांच्या निघाल्या, तलवारीच्या बऱ्याच कमी. एखाद्या अनाम घोडेस्वाराची जखम सातशे वर्षांनी आपल्यापर्यंत पोचते ती अशी. मला तर या कागदांपुढे रणांगणाची चित्रं फिकी वाटतात.

तारखेतही गोष्ट असते. १३३६ ते १३९२ या काळात जपानमध्ये सम्राटाचे दोन प्रतिस्पर्धी दरबार होते आणि दोघांची कालगणना वेगळी, म्हणजे वर्षं मोजायची ती आपापल्या युगाच्या नावाने. १३५० हे साल उत्तरेच्या दरबाराचं कान्नो १, तर दक्षिणेचं शोहेई ५. अर्जावर कोणतं साल घातलंय यावरून तो माणूस त्या दिवशी कोणाच्या बाजूने होता ते कळतं, आणि काही घराण्यांच्या कागदांत ही बाजू बदलतानाही दिसते.

हे वाचायला भाषा लागते आणि इथेच बहुतेक जण थकतात. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-१ ही सर्वांत वरची पातळी इथे सुरुवात समजा. त्यानंतर अभिजात जपानी, मग चिनी वळणाची लेखी भाषा ‘कानबुन’ आणि शेवटी ‘कुझुशिजी’, म्हणजे जोडून, मोडून लिहिलेली जुनी हस्ताक्षरं. मोडी वाचणाऱ्या मराठी मुलांना इथे खरा फायदा होतो. ठरावीक मायने, संक्षेप, हात न उचलता ओढलेली अक्षरं यांची डोळ्यांना सवय असते. म्हणून पुण्यात जपानी शिकत असाल तर सोबत मोडीचा वर्गही करा. सरावासाठी ओसाका विद्यापीठाचं ‘कुला’ हे मोफत अ‍ॅप आहे. तोक्यो विद्यापीठाची शिर्यो हेनसानजो ही संस्था १९०१ पासून ‘दाय निहोन शिर्यो’ हे साधनखंड छापते आहे. तिची माहितीकोशं घरबसल्या पाहता येतात.

साधनावर शंका घ्यायची सवय लावायला १५७५ ची नागाशिनोची लढाई घ्या. ओदा नोबुनागा या सरदाराच्या बंदुकधाऱ्यांनी तीन रांगांत आळीपाळीने गोळ्या झाडल्या, असं सर्वत्र सांगतात. पण नोबुनागाच्याच चाकरीत असलेल्या ओता ग्यूइचीच्या वृत्तांतात तीन रांगांचा उल्लेख नाही. तो येतो पुढे सतराव्या शतकात ओझे होआनने रंगवून लिहिलेल्या चरित्रात. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा. एवढ्या एका अभ्यासातून महिनाभराच्या व्याख्यानांइतकं शिकायला मिळतं.

आता पोटापाण्याचं. ‘सामुराई इतिहासकार’ अशी जाहिरात येत नाही. जागा निघते ती ‘आधुनिकपूर्व जपान’ किंवा नुसती ‘पूर्व आशिया’ अशी, आणि तीही क्वचित. म्हणून चीन-कोरियाचा इतिहास शिकवता येईल इतकी तयारी हवी. संग्रहालयं आणि भाषांतर हेही मार्ग आहेत, पण घरच्यांना आधीच सांगून ठेवा की स्थिरावायला वेळ लागेल. जपानमध्ये एमए दोन वर्षांचं आणि पीएचडी तीन वर्षांची, हे झालं कागदावर. प्रत्यक्षात पीएचडी लांबते.

पैशांसाठी जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती पाहा. दूतावासामार्फत अर्ज केलात तर पहिल्या निवडीनंतर प्राध्यापकाचं संमतिपत्र तुम्हालाच मिळवावं लागतं. त्या पत्रव्यवहारात ‘मला सामुराई आवडतात’ एवढंच लिहू नका. कोणत्या प्रांतातले, कोणत्या दशकातले, कोणत्या घराण्याचे कागद वाचायचे आहेत आणि त्यांतले कोणते छापून आले आहेत, ते जपानीत एका पानात लिहा.